‘थांबा’ कोण म्हणणार?

२१ ऑक्टोबर २०२३, शनिवार. श्रीहरिकोट्याच्या तळावर गगनयानाचं चाचणीवाहन उभं होतं. आठची वेळ हवामानामुळे पुढे गेली होती. पावणेनऊला उलटी मोजणी शेवटाला आली आणि अवघे पाच सेकंद उरलेले असताना सगळं जागच्या जागी थांबलं. इंजिनाच्या प्रज्वलनात जमिनीवरच्या संगणकाला काहीतरी खटकलं आणि त्याने साखळी तोडली. थेट प्रक्षेपण बघणाऱ्या लाखो लोकांच्या तोंडून ‘अरेरे’ निघालं. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. अभियंत्यांनी कारण शोधलं, दुरुस्ती केली आणि दहाच्या ठोक्याला यान उडालं.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. सुमारे बारा किलोमीटर उंचीवर, ध्वनीपेक्षा किंचित जास्त वेग असताना, ‘आणीबाणी आली’ असं गृहीत धरून सुटकेची यंत्रणा पेटली. तिने माणसांच्या कुपीला रॉकेटपासून ओढून दूर नेलं. पॅराशूट उघडली आणि कुपी किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात उतरली. पाण्यात मात्र ती उलटी झाली, तशीच नौदलाने ती वर काढली. आत माणूस नव्हता.

त्या दिवशी चाचणी होती ती यान संकटात असताना त्यातून बाहेर पडण्याची. पण पत्रिकेत नसलेली आणखी एक चाचणी आपोआप पार पडली. सगळा देश बघत असताना, पाच सेकंद उरलेले असताना, यंत्रणेला थांबता येतं का? आलं. माणसं वाहून नेणाऱ्या अंतराळयानाबद्दल बोलताना आपण उंची, वेग आणि कोटींचे आकडे बोलतो. माझ्या मते खरा प्रश्न याच पाच सेकंदांत आहे. यान सरकारी असो की खाजगी, ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि तो वापरल्यावर त्याचं ऐकलं जातं का?

हा प्रश्न नवी मुंबईत बसून विचारायला कारण आहे.

खाडीच्या दोन्ही तीरांवर

गगनयान म्हटलं की डोळ्यांसमोर श्रीहरिकोटा, बेंगळुरू आणि तिरुवनंतपुरम येतं. पण या यानाचा मोठा भाग ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर आणि सह्याद्रीच्या पलीकडे भीमा-नीरेच्या खोऱ्यात घडतो.

खाडीच्या मुंबईकडच्या बाजूला पवई आणि विक्रोळी. पवईच्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यातून २०२० साली, करोनाच्या ऐन धामधुमीत, गगनयानाच्या बूस्टरचा पहिला मधला तुकडा बाहेर पडला. व्यास ३.२ मीटर, लांबी साडेआठ मीटर, वजन साडेपाच टन. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये गेली अनेक वर्षं ‘विकास’ इंजिनं बनतात. हे इंजिन मूळच्या फ्रेंच ‘वायकिंग’च्या कुळातलं. सत्तरच्या दशकात इस्रोचे अभियंते फ्रान्समध्ये राहून ते शिकून आले. गगनयानाच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिनं एकाच वेळी जळतात. आता गोदरेजने एरोस्पेसचं काम पनवेलच्या पुढे, रायगड जिल्ह्यातल्या खालापूरकडेही नेलं आहे. म्हणजे पुण्याला जाताना एक्स्प्रेसवेच्या घाटाआधी डावी-उजवीकडे जे कारखाने दिसतात, त्या पट्ट्याला अंतराळाचं काम नवीन राहिलेलं नाही.

तिसरा धागा इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा. साखर कारखान्याची यंत्रं बनवता बनवता या गावाने इस्रोसाठी रॉकेटच्या मोटारींची कवचं बनवायला घेतली, ती सत्तरच्या दशकात. उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर अवाढव्य ट्रेलरवर ताडपत्रीखाली झाकलेलं लोखंडी नळकांडं जाताना दिसलं, तर ते कारखान्याचा बॉयलरच असेल असं तिथे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि चौथा धागा थेट ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा एमआयडीसीचा टीटीसी पट्टा मुळात रसायनांचा. आज इथे आयटी पार्क आणि डेटा सेंटरं दिसतात. पण साठ-सत्तरच्या दशकात हा रस्ता रासायनिक कारखान्यांच्या चिमण्यांनी ओळखला जायचा. मफतलाल समूहाची नोसिल इथलीच. या नोसिलने इस्रोचं तंत्रज्ञान घेऊन एचटीपीबी नावाचा चिकट, मधासारखा दाट पॉलिमर बनवला. घन इंधनाच्या रॉकेटमध्ये अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड एकत्र धरून ठेवतो तो हा पदार्थ. तो स्वतः जळतोही. इंधनाची वडी त्याच्याशिवाय उभीच राहत नाही.

या पदार्थामागे एक मराठी नाव आहे. वसंत गोवारीकर बर्मिंगहॅमला डॉक्टरेट करून, इंग्लंडमधली नोकरी सोडून साठच्या दशकाच्या उत्तरार्धात थुंब्याला आले. तेव्हा तिथे प्रयोगशाळा म्हणजे जवळजवळ मोकळी जागाच होती. घन इंधनाचं रसायनशास्त्र बाहेरून विकत मिळत नव्हतं, मिळालं तर जुनं मिळत होतं. त्यांच्या चमूने आधी एरंडेलापासून बनणाऱ्या बाइंडरवर इंधन बसवून पाहिलं, मग पुढच्या पिढीचे पॉलिमर. गोवारीकर १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. त्यांच्या संचालकपदाच्या काळात, १८ जुलै १९८० रोजी, एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्या रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. आज गगनयानाच्या दोन्ही बाजूंना जे बूस्टर बांधलेले असतात, त्यांचं इंधन त्याच घराण्यातलं आहे. फक्त आकार वाढला आहे. एसएलव्ही-३ अख्खं सतरा टनांचं होतं, आता एकेका बूस्टरमध्ये दोनशे टनांहून जास्त इंधन असतं.

एका जोडाची गोष्ट

घन इंधनाचा बूस्टर दणकट, साधा आणि भरवशाचा. त्याची खोड एकच. एकदा पेटला की विझत नाही. द्रवरूप इंधनाचं इंजिन झडप बंद करून थांबवता येतं. बूस्टरला तशी झडपच नाही. तो संपेपर्यंत जळतो, म्हणजे सव्वादोन मिनिटं. या काळात काही बिघडलं, तर यान सोडून पळण्याशिवाय माणसांना दुसरा मार्ग नाही. म्हणून गगनयानाच्या टोकावर सुटकेच्या मोटारी बसवलेल्या असतात आणि त्या बूस्टरपेक्षा कितीतरी चपळ असाव्या लागतात.

बूस्टर एकसंध नसतो. एवढं लांब कवच एकाच तुकड्यात बनवून, इंधन भरून, रस्त्याने नेणं शक्य नाही. म्हणून तीन तुकडे: डोक्याकडचा, मधला आणि नोझलकडचा. कवच मॅरेजिंग पोलादाचं. यात सुमारे अठरा टक्के निकेल असतं आणि उष्णतेचा संस्कार केल्यावर ते विलक्षण ताकदीचं होतं. या जोडांची रचना अशी असते की एका तुकड्याची कडा दुसऱ्याच्या दुहेरी कडेत बसते, गोलाकार पिना ठोकून ती पक्की होते, आणि फटीतून तापलेला वायू निसटू नये म्हणून खाचेत रबराची कडी बसवतात. ही ओ-रिंग.

हे तुकडे शॉप फ्लोअरवर कसे पुढे सरकतात ते बघण्यासारखं असतं. प्रत्येक जॉबबरोबर एक रूट कार्ड फिरतं. पोलाद कोणत्या हीटचं, कोणत्या वेल्डरने कोणत्या दिवशी कोणता पास मारला, वेल्डचा एक्स-रे कोणी वाचला, अल्ट्रासॉनिकमध्ये काय दिसलं, मोजमाप ड्रॉइंगच्या टॉलरन्समध्ये आहे की नाही, या सगळ्यावर सह्या. सही नसेल तर जॉब पुढच्या मशीनवर जात नाही. एक्स-रेच्या फिल्मवर केसाएवढी काळी रेघ दिसली, की इन्स्पेक्टर लाल खडूने खूण करतो आणि महिन्यांचं काम कोपऱ्यात उभं राहतं. उत्पादन विभागाला तारीख गाठायची असते, क्वालिटीवाल्याला ‘नाही’ म्हणायचा पगार मिळतो. टीटीसीतल्या कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये ही रोजची खडाजंगी ऐकू येते. माणसं नेणाऱ्या यानात फरक इतकाच, की इथे क्वालिटीवाला हरला तर मुडदे पडतात.

ते एकदा झालेलं आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर शटल उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही जण गेले. कारण बूस्टरच्या जोडातली ओ-रिंग. आदल्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती, उड्डाणाच्या वेळी तापमान दोन अंशांच्या आसपास. थंडीत रबर कडक होतं आणि फट भरत नाही. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल या खाजगी कंपनीच्या अभियंत्यांना हे माहीत होतं. आदल्या संध्याकाळी दूरध्वनीवरच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, बारा अंशांच्या खाली उडवू नका. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. कंपनीच्या व्यवस्थापनाने थोडा वेळ मागितला, आपसात चर्चा केली आणि अभियंत्यांना बाजूला ठेवून निर्णय फिरवला. तळावर हजर असलेल्या ॲलन मॅकडोनाल्डने सही द्यायला नकार दिला, तर कारखान्यातून दुसऱ्याची सही आली.

यात कोण दोषी? खाजगी कंपनी, की सरकारी संस्था? यान सरकारचं होतं, बूस्टर खाजगी कंपनीचा होता, दडपण सरकारकडून आलं आणि माघार खाजगीने घेतली. ‘सरकारी ते सुरक्षित’ आणि ‘खाजगी ते नफेखोर’ असे सोपे कप्पे इथे उपयोगी पडत नाहीत. थांबा म्हणणारे होते, त्यांच्याकडे पुरावाही होता. त्यांच्या शब्दाला निर्णयाइतकं वजन नव्हतं.

इस्रोने हा धडा गिरवलेला दिसतो. गगनयानासाठी बूस्टर नव्याने आखला तेव्हा कवचाच्या जोडांची ताकद, आतलं उष्णतारोधक अस्तर आणि प्रज्वलनाची यंत्रणा यांवर जास्तीची सुरक्षा ठेवली. १३ मे २०२२ रोजी श्रीहरिकोट्याला हा बूस्टर जमिनीला जखडून पूर्ण जाळून पाहिला. २०३ टन इंधन, १३५ सेकंद, आणि त्या वेळात सातशेच्या घरात मोजमापं. शेवटच्या टप्प्यातलं क्रायोजेनिक इंजिन सीई-२० तर माणसांसाठी पात्र ठरवण्याआधी ३९ वेळा पेटवलं गेलं. ६,३५० सेकंद जाळणं आवश्यक होतं, ते ८,८१० सेकंद जाळलं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पात्र ठरलं.

याला वेळ लागतो. १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून गगनयानाची घोषणा झाली तेव्हा २०२२ साल धरलं होतं. आता माणसांच्या उड्डाणासाठी २०२७ साल धरलेलं आहे आणि त्याआधी माणसाविना उड्डाणं व्हायची आहेत. खर्च ९,०२३ कोटींवरून २०,१९३ कोटींवर गेला, अर्थात त्यात आता भावी अंतराळस्थानकाच्या तयारीची उड्डाणंही धरली आहेत. उशिराची खिल्ली उडवणं सोपं आहे. पण या पाच वर्षांतली किती वर्षं ढिलाईची आणि किती लाल खडूची, हे वेगळं करून पाहिलं पाहिजे.

सीट विकत घेणारं सरकार

अमेरिकेने २०१४ साली वेगळी वाट धरली. शटल २०११ मध्ये निवृत्त झालं होतं आणि आपले अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर पाठवायला अमेरिका रशियाकडून सोयूझची सीट विकत घेत होती. नासाने दोन कंपन्यांशी करार केले. बोइंगला ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६ अब्ज. यान कंपनीचं, मालकी कंपनीची, नासा गिऱ्हाईक. किंमत ठरलेली, खर्च वाढला तर कंपनीच्या खिशातून.

त्या वेळी जाणकारांचा पैसा बोइंगवर होता. झालं उलटं. स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगनचा एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत स्फोट झाला. कारण सापडलं, रचना बदलली आणि ३० मे २०२० ला त्या यानाने दोन अंतराळवीर कक्षेत नेले. बोइंगचं स्टारलायनर माणसं घेऊन उडालं ते ५ जून २०२४ ला. त्यात सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर होते. आठेक दिवसांची सहल म्हणून निघालेले. स्थानकाजवळ जाताना हेलियमची गळती वाढली आणि दिशा बदलणारे पाच थ्रस्टर बंद पडले. बोइंगचं म्हणणं, यान परत आणण्याइतकं ठीक आहे. नासाने आठवडे घालवून आकडेमोड केली आणि सांगितलं, माणसांना यातून आणायचं नाही. सप्टेंबरमध्ये स्टारलायनर रिकामं परतलं. ते सुखरूप उतरलंही. दोघं मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून परतले.

यान नीट उतरलं हे पाहून नासा उगाच घाबरली असं म्हणणारे भेटतात. पण रिकामं यान नीट उतरलं यावरून माणसं असती तरी उतरलंच असतं, हे नंतर सुचलेलं शहाणपण आहे. निर्णयाच्या दिवशी शंका होती आणि ती पुसता आली नाही. चॅलेंजरच्या रात्री ‘उडवू नका हे सिद्ध करा’ असं विचारलं गेलं होतं. या वेळी ‘उतरवा हे सिद्ध करा’ असं विचारलं गेलं. अडतीस वर्षांत प्रश्न उलटा करायला नासा शिकली, आणि त्याच्या मध्ये २००३ साली कोलंबिया शटलचे आणखी सात जीव गेले होते. बोइंगला या कार्यक्रमात दोन अब्ज डॉलरच्या आसपास तोटा झाला, तरीही यानाचा मालक नसलेल्या गिऱ्हाइकाने ‘नाही’ म्हटलं आणि ते चाललं.

भारतालाही असं गिऱ्हाईक होण्याचा अनुभव २०२५ च्या जूनमध्ये आला. ॲक्सिऑम-४ या खाजगी मोहिमेत ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला ड्रॅगनमधून जाणार होते. भारताने या मोहिमेसाठी सुमारे साडेपाचशे कोटी रुपये मोजले होते. उड्डाणाआधी स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांचा चमू तिथे होता. नारायणन स्वतः क्रायोजेनिक इंजिनांतले. त्यांनी आग्रह धरला की गळती काढा, चाचणी करून दाखवा, मगच उडवा. ११ जूनचं उड्डाण पुढे गेलं. स्थानकातल्या एका हवागळतीचाही त्यात भाग होता. २५ जूनला शुक्ला गेले, अठरा दिवस स्थानकावर राहून १५ जुलैला सॅन डिएगोजवळ समुद्रात उतरले. राकेश शर्मांच्या १९८४ च्या सोयूझ उड्डाणानंतर एक्केचाळीस वर्षांनी. परदेशी कंपनीच्या रॉकेटसमोर भारतीय अभियंता ‘आधी दुरुस्त करा’ म्हणू शकतो, ही त्या मोहिमेतली मला सर्वांत मोलाची कमाई वाटते.

नवीन पनवेलचे पहारेकरी

‘थांबा’ म्हणू शकेल अशी एक जागा नवी मुंबईतच आहे आणि तिचं नाव फार जणांना ठाऊक नाही. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र आणि सूर्यावरच्या वादळांचा त्यावर होणारा परिणाम, हे तिचं काम. तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये आलेलं इतिहासातलं प्रचंड सौरवादळ जगात मोजक्याच ठिकाणी नोंदलं गेलं, त्यातली एक ठळक नोंद कुलाब्याची. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद नव्याने काढली ती याच नोंदीवरून. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमापं बिघडतील, या भीतीने वेधशाळा अलिबागला नेली. १९०४ पासून ती तिथे आहे.

अंतराळयानाशी याचा संबंध थेट आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्सने ४९ स्टारलिंक उपग्रह सोडले. एक तसं मध्यम चुंबकीय वादळ आलं, वरचं विरळ वातावरण तापून फुगलं आणि त्यातले चाळीसच्या आसपास उपग्रह घर्षणाने खाली ओढले जाऊन जळाले. माणसांच्या बाबतीत प्रश्न किरणोत्साराचा. ऑगस्ट १९७२ मध्ये एक भयंकर सौरवादळ आलं, नेमकं अपोलो-१६ आणि अपोलो-१७ च्या मधल्या काळात. चंद्रावर तेव्हा कोणी असतं तर गंभीर आजारी पडलं असतं. गगनयानाची चारशे किलोमीटरची कक्षा पृथ्वीच्या चुंबकीय छत्राखाली येते, त्यामुळे तीन दिवसांच्या मुक्कामाला धोका कमी. पण भारताला २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळस्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर माणूस हवा आहे. तेव्हा पनवेल-अलिबागच्या आलेखावरची एखादी उसळी बघून कोणीतरी उड्डाण अडवू शकेल, अशी व्यवस्था आजच लावायला हवी.

मालक बदलतो तेव्हा

आपल्याकडे खाजगी उद्योग अजून गगनयानाचा कारागीर आहे, मालक नाही. दिलेल्या ड्रॉइंगबरहुकूम तुकडा बनवा, तपासून द्या. ड्रॉइंग इस्रोचं, जबाबदारी इस्रोची. हे कायम राहणार नाही. २०२० नंतर अंतराळक्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं, इन-स्पेस ही परवाना देणारी संस्था उभी राहिली. १८ नोव्हेंबर २०२२ ला हैदराबादच्या स्कायरूटने, ३० मे २०२४ ला चेन्नईच्या अग्निकुलने छोटी रॉकेटं उडवून दाखवली. एसएसएलव्ही हे इस्रोचं छोटं रॉकेट बनवण्याचा हक्क २०२५ मध्ये बोलीत हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) मिळवला.

या एचएएलची जन्मकथा महाराष्ट्राने विसरू नये. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूला म्हैसूर संस्थानाच्या साथीने ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ काढली. युद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये तिचा कारभार सरकारने हातात घेतला. त्याच वालचंदांचं नाव असलेल्या गावात आज बूस्टरची कवचं बनतात, आणि त्यांनी काढलेल्या कंपनीने २०१४ मधल्या एका चाचणीसाठी कुपीचा सांगाडा बनवून दिला होता. खाजगीचं सरकारी झालं, आता सरकारीतलं पुन्हा उद्योगाकडे जातं आहे. कालचक्र आहे ते. मालक बदलेल. कधीतरी एखादी भारतीय कंपनीही स्वतःच्या कुपीत माणसं बसवायला निघेल. त्या दिवशी ‘थांबा’ कोण म्हणणार, याचं उत्तर आज तयार नाही.

अमेरिकेत पर्यटकांना अंतराळात नेणाऱ्या कंपन्यांवर प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम लादायला संसदेने २००४ पासून मनाई केली आहे. ती मुदत वाढत वाढत आता २०२८ च्या सुरुवातीपर्यंत गेली आहे. प्रवासी धोका समजून सही करतो आणि बसतो. पण अपघात झाल्यावर तपास करायला तरी स्वतंत्र संस्था आहे. ३१ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिन गॅलॅक्टिकचं यान चाचणीत तुटून सहवैमानिक गेला, तेव्हा राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने नऊ महिन्यांत अहवाल दिला. एका माणसाच्या एका चुकीने यान फुटू शकतं, हे यान बनवणाऱ्या कंपनीने लक्षातच घेतलं नव्हतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं. अपोलो-१ च्या आगीत तिघं गेल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये नासावर नजर ठेवायला बाहेरच्या तज्ज्ञांचं सुरक्षा सल्लागार मंडळ नेमलं. ते आजही दरवर्षी नासाला खडे बोल सुनावतं.

भारतात अंतराळविभागाचे सचिव आणि इस्रोचे अध्यक्ष एकच असतात. परवाना देणारी इन-स्पेस त्याच विभागात. अंतराळ कायद्याचा मसुदा २०१७ साली आला, पण संसदेने अजून कायदा केलेला नाही. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारतीय खाजगी कंपनीने अंतराळात काहीही केलं तरी जगापुढे जबाबदार भारत सरकार असतं. म्हणजे बनवणारा, परवानगी देणारा, तपासणारा आणि भरपाई देणारा, चौघंही एकाच दालनात बसतात. आजवर हे चाललं, कारण इस्रोची शिस्त कडक आहे. पण शिस्त माणसांवर अवलंबून असते, आणि माणसं निवृत्त होतात.

यावरच्या उपायाचा नमुना शोधायला नवी मुंबईकरांना लांब जायला नको. बेलापूर ते पेंधर मेट्रोचे खांब वर्षानुवर्षं उभे होते, चाचणीच्या गाड्या रिकाम्या धावत होत्या आणि लोक वैतागले होते. ती १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, तीही मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली येत नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. रूळ टाकणाऱ्यानेच रूळ पास करू नयेत म्हणून. नवी मुंबई विमानतळाचीही तीच कथा. धावपट्टीवर हवाई दलाचं विमान ऑक्टोबर २०२४ मध्ये उतरलं, पण विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या डीजीसीएचा परवाना आला ३० सप्टेंबर २०२५ ला आणि त्यानंतरच उद्घाटन झालं. कंत्राटदार खाजगी, सिडको सरकारी, आणि ‘हो’ म्हणणारा तिसराच. प्रवाशांना या तिसऱ्याचं नावही माहीत नसतं. तरी त्याच्या सहीवर ते निर्धास्त गाडीत चढतात.

अंतराळयानांसाठी असा तिसरा उभा करायला वेळ आताच आहे, कारण अजून अपघात झालेला नाही. अपघातानंतर नेमलेल्या समित्या आधी दोष वाटतात, मग अहवाल देतात. अंतराळविभागाबाहेर बसणारं, स्वतःचे अभियंते असलेलं, उड्डाण अडवायचा कायदेशीर अधिकार असलेलं सुरक्षा मंडळ हवं. त्यात वैमानिक हवेत, वैद्यक हवेत, पनवेलचे सौरहवामानवाले हवेत. आणि एक जागा शॉप फ्लोअरवर हयात घालवलेल्या, एक्स-रेच्या फिल्मवरची केसाएवढी रेघ बघून जॉब अडवलेल्या एखाद्या इन्स्पेक्टरलाही हवी. पवई, विक्रोळी, वालचंदनगर आणि टीटीसीच्या पट्ट्यात असे लोक आहेत. बूस्टर बनवायला आपण त्यांना बोलावलं. आता तो उडवायचा की नाही, हे ठरवताना त्यांना टेबलाशी बसवावं आणि त्यांच्या ‘नाही’ला कायद्याची ताकद द्यावी.